लेखनिक पदवीधर नसावा

३ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रवेशपत्र आलं. फोटोत मी अशी दिसतेय, की कुणीतरी चोरी करताना पकडून आणलंय. विषय एकच— संख्याशास्त्र. खाली बारीक अक्षरांत 'अंतिम संधी'. कळलं हो! पंधरा वर्षं तुमच्याच दारात उभी आहे, मला काय नव्यानं सांगता?

विज्ञान दोन वर्षं. ते बाबांसाठी. बाबा गणिताचे मास्तर, त्यांची मुलगी दुसरीकडे जाणार कशी! दोन्ही वर्षं नापास. मग वाणिज्य, कारण मामा म्हणाला, 'नोकऱ्या त्यातच आहेत.' वर्षभरात आईचं ऑपरेशन निघालं, कॉलेज सुटलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्याचं फार वाईटही वाटलं नाही. मग कवळ्या बनवायचा एक वर्षाचा कोर्स, कारण शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'हाताला काम लागेल.' ते मात्र लागलं. नऊ वर्षं लागलेलंच आहे. आणि त्याबरोबर हे मानसशास्त्र— बाहेरून परीक्षा द्यायची, वर्गात बसायचं नाही. हे एकच मला कुणी सुचवलेलं नव्हतं.

नोंदणी आठ वर्षं चालते. ह्या वर्षी संपते. बाकीचे सगळे पेपर सुटले, हा एकटा तीनदा गेला. आता गेला तर आठही वर्षं पाण्यात.

लॅबमध्ये काकांकडे परीक्षेची सुट्टी मागितली. 'तू पदवीधर होईपर्यंत माझेच दात पडतील. तेव्हा माझी कवळी तूच कर.' हसले. मालक आहेत, हसावं लागतं.

५ नोव्हेंबर, रविवार

दुपारभर वकीलसाहेबांकडे. अजून वकील झालेले नाहीत, शेवटचं वर्ष चालू आहे, पण मी म्हणते आणि त्यांना ते आवडतं. पूर्वी नकाशे काढायचे. चौतिसाव्या वर्षी डोळे गेले. आता बेचाळीस. तीन वर्षं त्यांचे पेपर मी लिहिते— ते सांगतात, मी लिहिते.

कॉलेजच्या फलकावर कागद लावला होता त्यांनी. 'लेखनिक पाहिजे. अक्षर सुवाच्य हवे. पदवीधर नसावा.' विद्यापीठाचा नियमच तसा. पदवीधर माणूस स्वतःच्या अकलेनं उत्तरं लिहील अशी भीती. आयुष्यात पहिल्यांदा माझी पात्रता कुणीतरी छापून भिंतीवर लावली होती! तिथेच उभ्या उभ्या फोन केला.

आज सराव घेतला. ते तासभर बोलले, मी लिहिलं. मधेमधे विचारतात, 'अक्षर सरळ चाललंय ना? ओळ खाली उतरत नाही ना?' नकाशेवाल्याची खोड. मग म्हणाले, 'तुमचा अभ्यास?' मी म्हणाले, चाललाय. 'चाललाय म्हणजे झाला नाही. तुम्ही पास झालात तर मला एप्रिलच्या परीक्षेला दुसरा लेखनिक शोधावा लागेल, माहितीये ना? तरी सांगतोय, अभ्यास करा.' भला माणूस आहे. पण घड्याळ बघितलं तर चार तास त्यांचाच अभ्यास झाला होता.

७ नोव्हेंबर, मंगळवार

साहेबांचा पहिला पेपर. वेगळी खोली, आम्ही दोघं आणि एक पर्यवेक्षक, तोही झोपाळलेला. तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी चुकीचं सांगितलं. मला कळलं! तीन वर्षं हाच कायदा लिहितेय, मला का नाही कळणार? तोंड आवळून धरलं. पेनाचं टोक थांबलं तसं ते म्हणाले, 'काय झालं?' मी म्हणाले, काही नाही, बोला. आणि जसंच्या तसं चुकीचं लिहून काढलं, वर त्यांनी सांगितलं म्हणून अधोरेखितही केलं.

बाहेर आल्यावर त्यांना स्वतःलाच आठवलं. कपाळावर हात मारून घेतला. 'तुम्हाला माहीत होतं?' मी म्हणाले, मला काय कळतंय त्यातलं!

९ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी दहा ते एक त्यांचा पेपर, दोन ते पाच माझा. एकाच इमारतीत, फक्त जिना बदलला. मधल्या तासात डबा उघडला आणि तसाच बंद केला.

बोटं आधीच वळून आलेली. संख्याशास्त्राचा पेपर हातात घेतला आणि चक्क वाट बघत बसले. कुणीतरी आता सांगेल म्हणून! पाचेक मिनिटं तशीच गेली असतील. शेजारच्या बाकावरची बाई एक पान उलटून दुसऱ्यावर गेली तेव्हा भानावर आले. मग लिहिलं. पाचातले चार प्रश्न लिहिले. चौथ्याचं उत्तर जमलं असं वाटतंय. वाटतंय म्हणजे काय, देव जाणे.

घरी आई म्हणाली, 'कसा गेला?' मी म्हणाले, गेला. बाबा वर्तमानपत्र वाचत होते, मान वर केली नाही. त्यांना माहीतच नाही की राहिलेला विषय त्यांच्याच जातकुळीतला आहे. मी कधी सांगितलंच नाही.

१० नोव्हेंबर

अंगठा सुजलाय. कवळीला पॉलिश करताना तीनदा हातातून सटकली.

२ डिसेंबर

कामाचा डोंगर. डॉक्टरांकडून तोंडाची मापं येतात ती ओली असतात, लगेच प्लास्टर ओतलं नाही तर आकसतात आणि मग कवळी कुणाच्याच तोंडात बसत नाही. आज एका डॉक्टरांकडून सतरा मापं एकदम. सतरा! गावातल्या सगळ्यांचे दात एकाच दिवशी पडले का काय? दिवसभर उभी. काका शेजारी बसून सल्ले देतात, 'हलव, हलव, बुडबुडे राहतील.' नऊ वर्षं हलवतेय. एक बुडबुडा दाखवा माझ्या साच्यात.

निकाल जानेवारीत. विचार करत नाही. म्हणजे दिवसाकाठी दहा-बारा वेळाच करते.

१२ जानेवारी, शुक्रवार

निकाल लागला. माझ्या नावापुढे 'गैरहजर'.

गैरहजर!! तीन तास बसले होते मी तिथे! जेवले नव्हते, अंगठा सुजवून घेतला होता, आणि म्हणे गैरहजर! लॅबमधल्या बेसिनपाशी उभी राहून तीनदा बघितलं. काका म्हणाले, 'काय गं, पास?' मी म्हणाले, गैरहजर. ते म्हणाले, 'म्हणजे तू गेलीच नव्हतीस?' त्यांच्या अंगावर प्लास्टरची पाटी फेकावी असं वाटलं.

वकीलसाहेबांचा निकाल 'राखीव'. त्यांना कारण कळेना. मलाही नाही.

१५ जानेवारी, सोमवार

परीक्षा विभाग. अकरा नंबरची खिडकी. कारकून तसा वाईट नाही, सर्दीनं बेजार झालेला आहे, एवढंच. मोठी वही काढली. हजेरीपटावर माझी सही आहे. पण माझ्या क्रमांकाची उत्तरपत्रिका गठ्ठ्यात नाही. सहीच्या पुढच्या रकान्यात उत्तरपत्रिकेचा नंबर लिहायचा असतो, तो पर्यवेक्षकांनी लिहिलाच नाही. रकाना मोकळा.

नाक पुसत म्हणाला, 'बाई, सही आहे आणि पेपर नाही, ह्याचा सरळ अर्थ काय होतो? पेपर घेऊन बाहेर गेलात तुम्ही.'

मी! संख्याशास्त्राचा पेपर घरी नेऊन मी काय करणार होते, भिंतीवर लावणार होते?

'अर्ज द्या. सगळं सविस्तर लिहा.' बाकावर बसले, अर्ज लिहायला घेतला. नाव. पत्ता. परीक्षा क्रमांक— हात सरसर चालला. सहा आकडे, न थांबता. मग म्हटलं, एकदा प्रवेशपत्राशी ताडून बघावं.

तो माझा क्रमांक नव्हता. वकीलसाहेबांचा होता.

तीन वर्षं प्रत्येक पेपरवर तोच लिहिलाय. त्या दिवशी सकाळीही तोच लिहिला. आणि दुपारी जिना बदलून वर गेले, आणि माझ्या स्वतःच्या पेपरवर— अगं बाई! तोच लिहिला! माझा क्रमांक माझ्या हाताला ठाऊकच नाही.

खिडकीपाशी परत गेले आणि सांगितलं. कारकून आत जाऊन वीसेक मिनिटांनी आला. 'आहे. कायद्याच्या गठ्ठ्यात आहे. ह्या क्रमांकाचे एकाच दिवशीचे दोन पेपर आलेत म्हणून त्यांचा निकाल राखून ठेवलाय. कायद्याच्या गठ्ठ्यात संख्याशास्त्र कुठून आलं म्हणून आम्ही दोन महिने डोकं खाजवतोय!'

१७ जानेवारी

वकीलसाहेबांना सांगितलं. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, घरी गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'तीन वर्षं मी सांगितलेला एक शब्द तुम्ही चुकवला नाहीत. आणि स्वतःचा नंबर लिहिता आला नाही?'

मी माझं प्रवेशपत्र पर्समध्ये घातलं.

'एप्रिलचा फॉर्म भरायची मुदत वीस फेब्रुवारी. हा निकाल सुटला नाही तर मला बसता येणार नाही. वर्ष गेलं. माझ्याजवळ किती वर्षं आहेत घालवायला?'

त्यांच्याजवळ नाहीत. माझ्याजवळ आहेत का? हे मनातल्या मनात म्हणाले. चहा झाला होता, तो न पिता उठले. दारापर्यंत सोडायला नेहमी येतात, आज आले नाहीत.

१९ जानेवारी, शुक्रवार

परत अकरा नंबरची खिडकी. कारकून म्हणाला, दोन मार्ग आहेत. एक— समितीपुढे जायचं, पेपर माझाच आहे हे सिद्ध करायचं. समिती कधी बसेल, सांगता येत नाही. तोवर दोन्ही निकाल अडकलेले. दुसरा— मी लिहून द्यायचं की तो पेपर रद्द समजावा, माझा त्यावर हक्क नाही. 'मग त्यांचा निकाल आजच्या आज मोकळा होतो. तुमचा 'गैरहजर' तसाच राहील. तुम्हाला काय, परत बसता येईल की.'

मी म्हणाले, नाही येणार. शेवटची संधी होती.

'अरेरे,' म्हणाला आणि खरंच वाईट वाटलं त्याला. पण मागे रांग होती.

२० जानेवारी

वकीलसाहेबांना फोन करून दोन्ही मार्ग सांगितले. म्हणाले, 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा.'

म्हणजे त्यांनी 'नको' म्हटलं नाही. मी वाट बघत होते, की म्हणतील. माझं चुकलंच, त्यांनी तरी का म्हणावं? घोटाळा माझा.

२२ जानेवारी, सोमवार

लिहून टाकलं. जेवणाच्या सुट्टीत, लॅबमधल्या मेणाच्या भांड्याशेजारी बसून. 'सदर उत्तरपत्रिकेवर माझा कोणताही हक्क नाही.' एका दमात लिहिलं, एक खाडाखोड नाही. फार थकलेय. पंधरा वर्षांचं हे झंझट एका ओळीत मिटत असेल तर मिटू दे एकदाचं.

काकांना म्हणाले, उद्या अर्धा दिवस. त्यांनी विचारलंही नाही कशाला.

२३ जानेवारी, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

कागद जेवणाच्या टेबलावर होता. मी चपला घालत होते. बाबांनी तो उचलला आणि वाचला— चाळिशी कपाळावर, कागद नाकाशी, मास्तरांची जुनी सवय. 'संख्याशास्त्र?' म्हणाले. 'राहिलेला विषय संख्याशास्त्र आहे?'

मी म्हणाले, हो.

'आठ वर्षं?'

तीन. तीनदा गेलाय.

'मी शिकवलं असतं तुला.'

आणि माझ्या तोंडून निघून गेलं— म्हणून तर सांगितलं नाही.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तशीच परत आत गेली. बाबा खुर्चीवर बसले. मला वाटलं, आता आवाज चढणार. विज्ञानाच्या वेळी चढला होता. 'इतकं सोपं कसं येत नाही?' हे वाक्य ह्या घराच्या भिंतींनाही पाठ असेल. पण बाबा म्हणाले, 'प्रश्नपत्रिका आहे?'

होती. दिली. त्यांनी पेन्सिल घेतली. एकेक प्रश्न घेऊन मला विचारत गेले, तू काय केलंस? मी आठवून सांगत गेले. चुकलेलं होतं तिथे नुसतं 'हं' म्हणाले. चौथ्या प्रश्नाला थांबले. 'हे तू असं सोडवलंस? कुणी शिकवलं?' कुणी नाही. पुस्तकातली रीत कळेना, म्हणून उलटीकडून करून बघितलं होतं. 'बरोबर आहे,' म्हणाले. 'पंचेचाळीस मार्क कुठे जात नाहीत. पासला चाळीस लागतात.'

मग माझा कागद घडी करून स्वतःच्या खिशात घातला. 'पेपर तुझा आहे. समितीपुढे जायचं. मी येतो विद्यापीठात.' झालं. कधी काळी ह्याच आवाजात सांगितलं होतं, विज्ञानाला जायचं. मी 'बरं' म्हणाले, तेव्हासारखीच. रस्त्यानं जाताना वाटलं, पेपर रद्द व्हायचा वाचला ह्याचा आनंद व्हायला हवा. झालाही. पण परत ठरवलं दुसऱ्यानंच.

२ फेब्रुवारी

समितीची तारीख मिळाली— पंधरा. साहेबांच्या मुदतीला पाच दिवस उरतात. बाबांनी आठ दिवसांत चार चकरा मारून ती लावून घेतली. अकरा नंबरच्या कारकुनाला सर्दीवर कसलासा काढाही सांगून आले म्हणे.

साहेबांना कळवलं. त्यांचा आवाज निवळलेला होता. 'त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो,' म्हणाले. 'समितीपुढे मी येईन. वकील होण्याआधीचा माझा पहिला खटला!'

१५ फेब्रुवारी, गुरुवार

लांबलचक खोली, तीन माणसं, मधे अध्यक्षबाई. टेबलावर माझी उत्तरपत्रिका, आणि शेजारी साहेबांच्या तीन वर्षांच्या उत्तरपत्रिकांचा ढीग. सगळीकडे माझंच अक्षर. विद्यापीठात इतकं लिहिलंय मी, हे मलाच माहीत नव्हतं. बाबा बाहेर बाकावर.

अध्यक्षबाईंनी कागद दिला आणि एका पुस्तकातून दहा ओळी सांगितल्या. मी लिहिल्या. त्यांचं वाचून संपलं तेव्हा माझंही संपलं होतं. 'वा!' म्हणाल्या. 'आता स्वतःचं काहीतरी लिहा. काहीही. दहा ओळी.'

पेन कागदाला टेकवून बसले. काही म्हणजे काही सुचेना! तिघंही बघताहेत. शेवटी लिहिलं— माप आल्यावर आधी थंड पाण्यानं धुवावे. प्लास्टर फार घट्ट कालवू नये. एका टोकाकडून ओतावे, म्हणजे हवा पुढे सरकत जाते. एकदम भरू नये. घट्ट होताना साचा गरम होतो, तेव्हा त्याला हात लावू नये... दहाच्या तेरा ओळी झाल्या. बाईंनी वाचलं आणि विचारलं, 'हे कशाचं आहे?' कवळीचं, म्हणाले. त्यांनी नकळत ओठ मिटून घेतले. बरोबरच्या गृहस्थांना हसू आवरेना.

मग साहेब बोलले. काठी गुडघ्यांत धरून, ताठ बसून, छान बोलले. नियम सांगितले, तारखा सांगितल्या, पर्यवेक्षकांचा मोकळा रकाना सांगितला. बाईंनी विचारलं, 'ह्या तुमच्या कोण?'

'ह्या माझं अक्षर आहेत,' साहेब म्हणाले.

सगळे हसले, मीही हसले. बाहेर आल्यावर बाबांनी साहेबांचा हात धरून जिना उतरवला. मी मागून येत होते. कुणी शिवी दिली असती तर उलट बोलता आलं असतं. हे कौतुक होतं.

१६ फेब्रुवारी

मान्य! पेपर माझाच, असं लेखी मिळालं. तपासणीला गेला, निकाल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. साहेबांचा निकाल कालच सुटला— सगळ्या विषयांत पास. फॉर्म भरून टाकला.

आई म्हणाली, 'आता तरी सुटलीस.' सुटले कुठली!

११ मार्च, रविवार

बाबांनी पंचेचाळीस सांगितलेत, म्हणजे मी पास, पदवीधर; साहेबांना एप्रिलसाठी दुसरा लेखनिक हवा. शोधायचं काम माझ्याकडेच. एक टपाल खात्यातून निवृत्त झालेले काका मिळाले. पदवीधर नाहीत, अक्षर मोत्यासारखं, आणि आयुष्य रिकामं पडलंय म्हणून उत्साह दांडगा. आज त्यांना घेऊन गेले. साहेब बोलतात तसे टपालकाका प्रत्येक वाक्य संपल्यावर 'बरं, पुढे?' म्हणतात. साहेबांना ते खुपतं. 'तुम्ही नुसतं पेन थांबवता, ते मला ऐकू येतं,' मला म्हणाले.

दोघांना सांगितलं, होईल सवय. मला कुठे होती?

२५ मार्च, रविवार

टपालकाकांचा तिसरा सराव. वेग आलाय. 'बरं, पुढे' निम्म्यावर आलं. साहेब कबूल करतात, की अक्षराबद्दल ऐकलेलं खरं असेल तर माझ्यापेक्षा चांगलं आहे. पेपर सोमवारी, नऊ तारखेला. मी म्हणाले, त्या दिवशी मी इकडे फिरकणारसुद्धा नाही. काकांकडे लॅबची सुट्टी टाकलीये. 'पदवीधर बाईंना एक दिवस आराम,' असं म्हणून त्यांनी कॅलेंडरवर मोठी फुली मारली. निकालाआधीच! नजर लावतील माणसं.

बाबा रोज विचारतात, 'काही कळलं?' ते विचारतात तेव्हा मला त्यांची दया येते. हे नवीनच आहे.

६ एप्रिल, शुक्रवार

छत्तीस. चाळीस हवे होते.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, 'मी चुकीचं मोजलं.' मी म्हणाले, नाही बाबा, पेपर माझा होता. आईनं माझ्या केसांवरून हात फिरवला, मी लहान असल्यासारखा.

मग साहेबांना फोन केला. 'अरेरे,' म्हणाले, मनापासून म्हणाले. आणि मग— 'म्हणजे नियमानं सोमवारी तुम्हाला येता येईल.' आवाजातला आनंद लपवायचा प्रयत्न करत होते बिचारे. टपालकाकांना काय सांगायचं तेही ठरवून झालं होतं.

मी म्हणाले, नाही.

त्यांनी कारण विचारलं. कारण काहीच नव्हतं. सोमवारी मला सुट्टी आहे, ती मी घेणार आहे.